देवाचा आवाज ओळखायचा तरी कसा? सात वर्षं झाली, मले काहीच ऐकू येत नाही

वावरातला_भाऊ

सगळ्यांना जय ख्रिस्त. इथं वाचत असतो नेहमी, लिहून पहिल्यांदाच राहिलो. मी यवतमाळ जिल्ह्यातला, गावात ख्रिस्ती घरं दोनच, मंडळी म्हणजे आमचं चर्च तालुक्याला २२ किलोमीटरवर, रविवारी गाडीवर मी, बायको अन् मधात पोरगी, आई एसटीनं येते. बाप्तिस्मा घेऊन सात वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ही गोष्ट कोणाला विचारली नाही कारण लाज वाटते. साक्षीची, म्हणजे आपला अनुभव सांगायची वेळ आली की कोणी उठून म्हणते प्रभू माझ्याशी बोलला, कोणी म्हणते पहाटे नाव घेऊन उठवलं, अन् मी मागं बसून विचार करतो की माझ्यातच काय कमी आहे. प्रार्थना करतो, मागतो, आभार मानतो, मग ऐकायचं म्हणून गप बसतो तर मनात कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज, लहाना भाऊ, पोरीचा खोकला हेच फिरून फिरून येते.

आता विचारायची पाळी आली ती संमेलनामुळं. नोव्हेंबरात तालुक्याला तीन दिवसाचं संमेलन झालं, बाहेरून एक भाऊ आले होते, त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की परमेश्वर म्हणतो हे वावर सोड, मी तुझ्यासाठी शहरात सेवा ठेवली आहे. मी त्यांना कधी भेटलो नव्हतो, वावर आहे हे त्यांना कसं समजलं म्हणून अंगावर काटा आला. आमचं साडेचार एकर आहे, बाबा जाऊन दीड वर्ष झालं. धुऱ्याला लागून ज्यांचं वावर आहे ते घ्यायला तयार आहेत, संक्रांतीपर्यंत हो म्हणा, इसार देतो म्हणतात. आई म्हणते देव बोलला असन तर मी आडवी येत नाही, पण रात्री रडते, मले ऐकू येते. बायको म्हणते देवाला आपल्याला सांगायचं होतं तर आपल्याला का नाही सांगितलं.

तीन दिवस उपास केला. खोपडीत एकटा बसलो. डोळे मिटून बायबल उघडलं अन् बोट ठेवलं तर इतिहास नावाच्या पुस्तकातली वंशावळ निघाली, नुसती नावं. दुसऱ्यांदा उघडलं तर अब्राहामाचं निघालं, आपला देश सोडून जा. आता हे खरं धरू का पहिलं?

माझा विचार कोणता, देवाचा कोणता अन् त्या भावांचा कोणता हे कसं समजते? मोठं ज्ञान नको, तुम्ही रोज घरी काय करता ते सांगा.

गुरुजी_अचलपूर

भाऊ, मागच्या बाकावर बसून तुम्ही जो विचार करता तो मी निवृत्त होईपर्यंत केला, त्यामुळे आधी ती लाज सोडा.

आज रात्री १ शमुवेल तिसरा अध्याय वाचा, सावकाश. संडे स्कूलमध्ये आपण एवढंच शिकतो की देवानं हाक मारली आणि शमुवेल म्हणाला "बोल, तुझा दास ऐकत आहे". पण त्याआधी हाक तीनदा आली आणि तिन्ही वेळा तो पळत एलीकडे, म्हाताऱ्या याजकाकडे गेला. मंदिरात झोपणारा मुलगा, देवाचा कोश म्हणजे कराराची पेटी होती त्याच ठिकाणी, आणि त्याला कळलं नाही. त्याला आवाज ओळखून दिला एलीनं, ज्याची नजर मंद झाली होती आणि ज्याची मुलं हाताबाहेर गेली होती. म्हणजे ओळखायला दुसरा माणूस लागतो, आणि तो फार मोठा संत असावा लागतो असंही नाही. तुमच्या बाबतीत तो माणूस तुमची आई असेल, बायको असेल, रोज तुम्हाला बघणारे पाळक असतील, एका दिवसाचा पाहुणा नव्हे. आणि शमुवेलाला जे ऐकू आलं ते गोड नव्हतं, एलीच्या घराण्याचा न्याय होणार हे होतं, सकाळी ते सांगायला तो भीत होता. मला ऐकू आलेलं दर वेळी माझ्या मनासारखंच निघायला लागलं की मी सावध होतो.

डोळे मिटून बायबल उघडणं बंद करा, राग मानू नका, ती चिठ्ठी काढण्याची तऱ्हा झाली. अब्राहामाला जे सांगितलं ते अब्राहामाला सांगितलं. मी सकाळी चहाच्या आधी क्रमानं वाचतो, मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात केली होती, १६ अध्याय आहेत, रोज एक घेतला तर महिन्यात जवळजवळ दोनदा होतो. वाचून झालं की वहीत दोन ओळी, यात देव कसा दिसला आणि आज मला काय करायला सांगतो. काही दिवशी वही कोरी राहते. राहू द्यावी.

अजून एक, आपल्या नागपुरातलंच. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथं सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्याची बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे एक्केचाळीस वर्षं. प्रार्थनेची माणसं होती ती सगळी, पण बसले, बोलले, अडले, पुन्हा बसले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात यरुशलेमची सभा लिहिते की "पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले". त्या "व आम्हांला" वर मी किती वेळा थांबलोय. तुम्हाला संक्रांतीपर्यंतच उत्तर पाहिजे असं कोण म्हणतं, देव की वावर घेणारा?

मोटरवाला_वर्धा

मी दहावी शिकलेला, मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, अन् घरची शेती. गुरुजींसारखं मले सांगता येत नाई पण भाऊचं वाचून राहवलं नाई.

विहिरीवर मोनोब्लॉक मोटरपंप असन तर मी काय म्हणतो ते समजन. मी खोपडीत झोपलो अन् मोटर बरोबर पाणी ओढून राहिली तर मले झोप लागते. फूटवॉल, म्हणजे पाइपाच्या खालच्या तोंडाचा वॉल, लीक होऊन हवा धरली की आवाज हलका होते, एक फेज गेला की मोटर घुमते, अन् मी झोपेतून उठून बसतो. आवाज मोठा होतेच असं नाई, कधी उलटा लहान होते. बाजूले पाहुणा झोपला असते त्याले काही समजत नाई. हे मले कोणी शिकवलं नाई, पहिल्या दोन वर्षांत घरच्याच दोन मोटरी जळाल्या, तवा कुठं कान झाला, अन् तो कान झाला कारण मी रोज रात्री तिथंच झोपत होतो. नीट चालणाऱ्या मोटरचा आवाज आधी अंगात बसावा लागते, मंग बिघडलेली आपोआप समजते.

देवाच्या बाबतीत मी तसंच करतो. चारही शुभवर्तमानात येशू कोणाशी कसा बोलते तेवढंच वाचत राहतो, वर्षानुवर्षं तेच. विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी कसा बोलला, झाडावर चढलेल्या जक्कयाशी कसा, तीनदा नाकारलेल्या पेत्राशी समुद्राच्या काठी कोळशाच्या आगीपाशी कसा. तिचे पाच नवरे झाले हे त्यानं तोंडावर सांगितलं पण ती घागर तिथंच ठेवून गावात लोकांना बोलवाले गेली, पळून नाई गेली. खरं सांगते पण माणूस मोडत नाई, असा तो सूर आहे. आता मनात एखादी गोष्ट आली, नाई तर कोणी डोक्यावर हात ठेवून सांगितली, अन् त्यात घाई असली, भेव असलं, आत्ता नाई तर कधीच नाई असं असलं, तर मले तो आवाज घुमल्यासारखा वाटते.

दुसरं. रात्री बाराच्या लाइटवर वावराले पाणी देऊन पहाटे चारले प्रार्थनेत बसता का भाऊ? १ राजे १९ पाहा. एलिया संदेष्टा मराले टेकला होता, देवानं त्याले आधी झोपू दिलं, भाकर दिली, पाणी दिलं, मंग पुन्हा झोपू दिलं, पुन्हा भाकर दिली. वारा, भूकंप, अग्नी अन् ती मंद वाणी हे लय नंतरचं आहे, चाळीस दिवस चालल्यावरचं. आधी झोप काढा.

तिसरं सांगतो ते माझ्यावर बितलेलं आहे. तीन वर्षं मी देवाले विचारत होतो दुकान वाढवू का, कर्ज काढू का. अन् चुलतभावाचे आठ हजार रुपये देणं होते ते देत नव्हतो. प्रार्थनेत बसलो की चुलतभाऊच डोळ्यासमोर ये. मी म्हणायचो मन भटकून राहिलं, प्रभू माझं मन स्थिर कर. मन भटकत नव्हतं. पैसे नेऊन दिले त्या दिवशी कोणी बोललं नाई, आवाज आला नाई, पण त्याच्यानंतर चुलतभाऊ प्रार्थनेत आला नाई. तुमच्या मनात सोसायटी, भाऊ अन् पोरीचा खोकला फिरून फिरून येते म्हणता, तो अडथळा आहे असं काहून समजता?

प्रभूचा_सेवक_९७

माफ करा पण इथं सगळे फार डोकं लावताहेत. देव आजही संदेष्ट्यांच्या तोंडून बोलतो. भावाला सर्वांसमोर स्पष्ट वचन मिळालं, आता शंका घेणं म्हणजे अविश्वास. आत्म्याला विझवू नका असं लिहिलंय.

पाळकीणबाई_मेळघाट

सेवक भाऊ, लिहिलंय खरं, १ थेस्सलनी ५:१९. पण तिथं थांबू नका हो, पुढे २१ मध्ये लगेच आहे, "सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा". पारख करणं अविश्वास असता तर हे पत्र लिहिणाऱ्या पौलानं सांगितलं नसतं.

आणि १ राजे १३ वाचा, हा अध्याय आमच्याकडे फार कमी वेळा काढतात. यहूदाहून आलेल्या देवाच्या माणसाला देवानं स्वतः सांगितलं होतं की इथं भाकर खायची नाही, पाणी प्यायचं नाही. बेथेलचा म्हातारा संदेष्टा त्याच्यामागे गेला आणि म्हणाला मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूतानं मला सांगितलं तुला घरी आणायला. खोटं बोलला तो. हा गेला, जेवला आणि वाटेत सिंहानं त्याला मारलं. माझे डोळे भरून येतात हे वाचताना कारण तो वाईट माणूस नव्हता, त्यानं फक्त स्वतःला कळलेलं सोडून दुसऱ्याच्या "देव मला म्हणाला" वर पाऊल टाकलं.

आणि संदेष्टा खरा असला तरी काय होतं ते प्रेषित २१ मध्ये आहे. अगब नावाच्या संदेष्ट्यानं पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवलं की यरुशलेमात असं होणार. झालंही. पण जा किंवा जाऊ नको हे अगबानं ठरवलं नाही, सगळी मंडळी रडून थांबवत होती तरी निर्णय पौलाचाच राहिला. त्याच्या आधी १६ व्या अध्यायात तर पवित्र आत्म्यानं आशिया प्रांतात बोलायला मना केली, बिथुनियात जाऊ दिलं नाही, म्हणजे पौलालासुद्धा दोन दारं बंद मिळाली, आणि मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाल्यावर "आम्ही" अनुमान काढलं असं हे पुस्तक लिहिणारा लूक लिहितो. दृष्टान्त एकाला, अनुमान सगळ्यांचं.

वावरातल्या भाऊ, आता मोठ्या बहिणीसारखं विचारते. सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत? त्या प्रचारकांचा नंतर फोन आला का, पैशाचं काही बोलले का? आणि विकायचंच काय म्हणून, जायचंच असेल तर वर्षभर मक्त्यानं देऊन बघता येत नाही का? वावर एकदा गेलं की परत येत नाही, आणि देव जर पाठवत असेल तर तो वर्षभर थांबेल, त्यानं इस्राएलाला चाळीस वर्षं सांभाळलं रानात.

एक अजून, तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी. कोणाच्या कानात खरंच सतत आवाज येत असतील, झोप उडाली असेल, स्वतःला इजा कर असं सांगत असतील, तर त्याला नुसतं उपास प्रार्थनेला बसवू नका, डॉक्टरकडे न्या. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत. आमच्या मंडळीत हे शिकायला आम्हाला एक जीव गमवावा लागला.

शांताबाईची_सून

मी हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मी पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या मंडळीतली, मला स्वप्नं पडतात, प्रार्थनेत शब्द येतात, आणि मी मानते की देव आजही बोलतो. त्यामुळे सेवक भाऊंचं दुखणं मला कळतं.

पण चार वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीतल्या एका मुलीला सांगितलं होतं की प्रभूनं मला दाखवलं, हेच स्थळ तुझं. मला खरंच तसं वाटलं होतं, खोटं बोलले नव्हते. मुलगा माझ्या ओळखीतला होता, त्याची आई मला चांगली माणसं वाटायची, आता कळतं की माझीच इच्छा माझ्या प्रार्थनेत बोलत होती. ती पोरगी दीड वर्षात माहेरी परत आली, अंगावर वळ घेऊन. मी तिच्या पाया पडले. तिनं माफ केलं, पण ती आता प्रार्थनेला येत नाही, आणि ते माझ्यावर आहे. तेव्हापासून मी "देव म्हणतो" हे शब्द तोंडातून काढत नाही. म्हणते, मला असं वाटतंय, तुम्ही पारखून घ्या, नसेल तर सोडून द्या. तुमच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्यानं एवढं जरी म्हटलं असतं तर तुमची आई रडली नसती.

आणि बरोबर निघालेलं पण सांगते, नाही तर अर्धंच होईल. सोयाबीन निघायच्या दिवसांत भाकरी करताना मनात आलं की मागच्या गल्लीतल्या काकूकडे जा. काही कारण नाही. मी टाळलं, भांडी घासली, परत तेच. शेवटी डब्यात भाजी घालून गेले. काही झालं नव्हतं तिथं, कोणी मरणाला टेकलं नव्हतं, काकू एकटी बसली होती आणि तिला कोणीतरी यावं असं वाटत होतं बस. आम्ही वाती वळल्या तिच्या, ती हिंदू आहे, तिच्या देवाच्या वाती, आणि गप्पा केल्या. प्रभूचा आवाज मला असा लहान लहान कामांत जास्त बरोबर ऐकू आलाय. चुकला तरी भाजीच जास्तीची जाते, कोणाचं आयुष्य नाही.

चंद्रपूरकर_कॅथलिक

दुसऱ्या घरातून बोलतोय पण विषय एकच आहे. संत इग्नाती लोयोला सैनिक होते, १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि कित्येक महिने पडून राहावं लागलं. पडल्या पडल्या सरदारांच्या पराक्रमाची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरती मजा आणि नंतर मन कोरडं, आणि ख्रिस्ताचं, संतांचं वाचून तसं जगायचा विचार केला की आनंद नंतरही टिकायचा. एवढ्या निरीक्षणावरून त्यांनी पुढे सगळी पारख शिकवली. म्हणजे विचार आला तेव्हा कसं वाटलं ते नाही, तो गेल्यावर मागे काय राहिलं ते बघायचं.

मी रोज झोपताना दहा मिनिटं दिवस मागे फिरवून बघतो, सकाळपासून कुठे देवाच्या जवळ होतो, कुठे दूर गेलो, कोणाला तोडून बोललो. पहिले दोन महिने काहीच हाती लागत नाही, सोडू नका. वावर ठेवायचं असं मनात धरून एक आठवडा राहा, मग विकायचं असं धरून एक आठवडा राहा, कोणाला न सांगता, आणि रोज रात्री मागे काय राहतं ते लिहा.

वावरातला_भाऊ

सगळ्यांचं वाचलं, बायकोनंही वाचलं, आईला वाचून दाखवलं. उशीर झाला उत्तराला, वेचणी चालू होती.

पाळकीणबाई, सातबाऱ्यावर तीन नावं आहेत, आई, मी अन् लहाना भाऊ. तो पुलगावला कामाला असते. अन् हो, फोन आला होता, दोनदा, इसार आला की पहिलं फळ, म्हणजे त्यातला पहिला वाटा, प्रभूच्या कामाला पाठवा म्हणून. मी ते लपवलं होतं वर लिहिताना. लिहिलं असतं तर मलेच उत्तर दिसलं असतं म्हणून लपवलं असन. त्यांच्या मनात वाईटच होतं असं मी म्हणत नाही, पण मोटरवाले भाऊ म्हणतात तसा तो आवाज आता घुमल्यासारखा वाटते खरा.

मोटरवाले भाऊ, तुमचं वाचून रात्री झोपलो नाही. लहाना भाऊ माझ्या मनात येत होता तो काहून येते हे मले पक्कं माहीत होतं. बाबा गेल्यावर दोन्ही हंगामांचा कापूस मीच विकला, त्याला हिशोब दिला नाही, तो लहाना आहे, मागत नाही म्हणून. अन् विकायचं ठरवून राहिलो होतो ते पण त्याला न विचारता, सही घ्यायच्या दिवशी सांगू म्हणून. तीन दिवसाच्या उपासात तोच सारखा दिसे अन् मी त्याला बाजूला सारून देवाचा आवाज ऐकून राहिलो होतो.

परवा पुलगावला गेलो. डायरी नेली. कॅन्टीनच्या बाहेर उभं राहून त्याला सगळं दाखवलं, किती आले, सोसायटीत किती भरले, किती मी वापरले. तो काही बोलला नाही बराच वेळ. मग म्हणाला दादा, मले पैशाचं नव्हतं, तू विचारत नव्हता ते होतं. चहा घेतला अन् आलो. येताना गाडीवर मले कोणाचा आवाज आला नाही. पण छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, चंद्रपूरचे भाऊ म्हणतात तसं ते अजून टिकून आहे, आज तिसरा दिवस.

घेणाऱ्यांना सांगितलं की यंदा नाही. ते नाराज झाले. सेवेचं मी सोडलं नाही मनातून, मंडळीत पाळकांशी बोललो, ते म्हणाले गावातल्या पोरांना रविवारी दुपारी जमव, गाणी अन् गोष्टी शिकव, शहराचं नंतर पाहू. नाताळाच्या गाण्यापासून सुरू करतो. सकाळी मार्क चालू केलं, आज चौथा अध्याय होता, वहीत एक ओळ लिहिली, काल कोरी होती.

पोरीला डॉक्टरकडे नेलं, खोकल्याचं औषध चालू आहे. आज रात्री बाराला लाइट आहे, चन्याचं एक पाणी राहिलं, भाऊ सुट्टी काढून आला आहे सोबतीला. तो म्हणाला तू झोप, मोटर मी पाहतो.